सहा मिलिमीटरचा टाका

तिरुचीजवळच्या तुवाकुडीच्या वेल्डिंग शेडांमध्ये मंगयर्करसीचा, म्हणजे मंगैचा, विषय निघाला की वाक्य ठरलेलं असतं. "हात सोन्यासारखा आहे हो बाईचा, पण स्वभाव..." आणि पुढचं नुसतं मान हलवून सांगायचं. बावीस वर्षं ही बाई लोखंड जोडते आहे. एवढ्या वर्षांत तिचा एक जोड उलला नाही, एक काम परत आलं नाही, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर स्वभाव. हाच स्वभाव एखाद्या बाप्याचा असता तर त्याला शिस्तीचा माणूस म्हटलं असतं आणि दिवाळीला मिठाईचा डबा घरपोच गेला असता.

तिरुवेरुंबूरच्या रेल्वे फाटकाजवळ तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दहावीनंतर ती आयटीआयला वेल्डिंग शिकायला गेली, तेव्हा वर्गात छत्तीस मुलगे आणि ही एकटी. मास्तरांनी पहिला महिनाभर तिला बाकीच्यांच्या जोडांवरची जळकी पापडी झाडायला लावलं. तिनं झाडली. झाडता झाडता कुणाचा जोड कुठं पोकळ आहे हे तिला डोळ्यांनी कळायला लागलं, आणि मास्तरांना ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. परीक्षेत जोडलेल्या लोखंडाची पट्टी कापून यंत्राखाली वाकवतात. तिची पट्टी घोड्याच्या नालेसारखी वळली, जोडावर केसाएवढीही चीर आली नाही. तिला नंबर मिळाला, सत्तेचाळीस.

इथं प्रत्येक पास झालेल्या वेल्डरला असा नंबर असतो आणि त्या नंबराचा छोटासा पोलादी पंच. जोड पुरा झाला की त्याच्या कडेला हातोडीनं पंच ठोकायचा. रंग उडतो, कागद हरवतात, लोखंडात उमटलेला नंबर तसाच राहतो. उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. मंगै आपला पंच कधी शेडमध्ये ठेवत नाही. घरी जाताना तो तिच्या डब्याच्या पिशवीत असतो. नवरा दुरैसिंगम शाळेची बस चालवतो. तो हसून म्हणतो, "बाकीच्या बायका गळ्यातली ताली जपतात, माझी बायको खिळा जपते." लग्नानंतर पाच वर्षं संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन तिनं डिप्लोमा केला, तेव्हा घरचा भात यानंच शिजवला होता, म्हणून त्याला तेवढी सूट आहे.

ही गोष्ट तै महिन्यातली, पोंगल होऊन पंधरा दिवस झाले असतील तेव्हाची. शेडचे मालक कदिरेसन, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणतात, त्यांनी लालगुडीच्या रेड्डियारांच्या भातगिरणीचं एक काम घेतलं. गिरणीत माळ्यावर भाताची लोखंडी कोठी होती. तिच्या जागी दुप्पट मोठी कोठी बसवायची होती. माळा तोलून धरणारी लोखंडी तुळई जुनी, पण निरोगी. तिच्या पोटाखाली जाड पट्टी जोडून तिची ताकद वाढवायची, एवढंच काम. माप घ्यायला मंगै गेली.

तुळईच्या बरोबर खाली आठ बायका तांदळाच्या पोत्यांची तोंडं शिवत बसल्या होत्या. त्यातली म्हातारी अंजलै दाभण थांबवून म्हणाली, "काय गं, वर काय बघतेस? पाल आहे का?"

"पाल नाही आया. ह्या तुळईला खालून ठिगळ लावायचंय."

"लोखंडाला ठिगळ? मग शिवणार कशानं?"

मंगैला असे प्रश्न आवडतात. शेडमध्ये तिला कुणी असे प्रश्न विचारत नाही. तिनं हातातली वही आडवी धरली आणि वाकवली. "कडेची पानं बघ. वही वाकली की पानं एकमेकींवर सरकतात. तुळई आणि पट्टी अशाच सरकायला बघतात. सरकू दिलं तर दोघी वेगवेगळ्या, दोघी अशक्त. सरकू दिलं नाही तर एक जाडजूड तुळई. जोडाचं काम तेवढंच, सरकू द्यायचं नाही."

अंजलैनं वही स्वतःच्या हातात घेतली, वाकवली, पुन्हा वाकवली. "मध्ये काही सरकत नाही की. सगळं टोकाला सरकतंय."

"तेच तर."

"मग शिवण टोकाला घट्ट हवी. पोत्याचं आम्ही तेच करतो. आधी दोन्ही कान पक्के आवळायचे, मग मध्ये लांब लांब टाके. मध्ये कितीही सुतळी ओतली आणि कान सैल राहिले तर पोतं तिथूनच उसवतं."

शाळा न पाहिलेल्या म्हातारीला हे एका दमात कळलं. हे मुद्दाम लिहून ठेवायला हवं, कारण पुढं ज्यांना कळलं नाही त्यांच्या भिंतीवर सर्टिफिकेटं टांगलेली आहेत.

मंगैनं दोन संध्याकाळी बसून गणित मांडलं. तुळईच्या टोकाशी किती जोर येतो, त्यातला किती जोर पट्टीला सरकवायला बघतो, तेवढा थोपवायला किती जाडीचा टाका पुरतो. उत्तर आलं सहा मिलिमीटर. दोन्ही टोकांना वीतभराहून थोडा जास्त सलग जोड, आणि मध्ये शंभर मिलिमीटरचा टाका, दीडशेची मोकळी जागा, पुन्हा शंभरचा टाका. पट्टी तिनं तुळईच्या पायापेक्षा, म्हणजे तिच्या खालच्या आडव्या पट्ट्यापेक्षा, दोन्ही बाजूंना बोटभर रुंद घेतली, म्हणजे जोड वरून घालता येईल, मान वर करून डोक्यावर ठिणग्या झेलत घालावा लागणार नाही. खाली दोन ओळी लिहून त्यांच्याखाली दोनदा रेघ मारली. पहिली, पट्टीच्या टोकाला तुळईच्या आडवा जोड घालू नये. दुसरी, काम सुरू करण्याआधी कोठी रिकामी करावी आणि तुळईला मधोमध जॅकनं किंचित उचलून धरावं. डोक्यावर घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला तुम्ही मागून येऊन नुसता हात लावला तर भार तिचाच राहतो. तिनं क्षणभर घागर सोडली, तरच तुमच्या हातात काही येतं.

कागद मुदलाळींच्या टेबलावर गेला. समोर सवरिमुत्तू अय्या कॉफी पीत बसले होते.

अय्यांबद्दल वाईट बोलणं कठीण आहे. बॉयलरचे जोड घालण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. तुवाकुडीतले अर्धे वेल्डर त्यांच्या हाताखाली शिकले, रॉड कोणत्या कोनात धरायचा हे मंगैलाही त्यांनीच दाखवलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कुठल्याही शेडमध्ये गेले की खुर्ची पुसून पुढं येते. पण बॉयलरवाल्या माणसाचं एक असतं. बॉयलरला सुईएवढी फट राहिली की वाफ सुटते आणि माणसं भाजून मरतात. म्हणून फट म्हणजे पाप, आणि जोड जितका जाड तितकं पुण्य. या सगळ्या भागाच्या हाडात ते मुरलंय. इथं खिडकीचं ग्रिलसुद्धा चारही बाजूंनी सलग जोडतात. तुवाकुडीत पाळणा करायला टाकला तर त्यात पाणी भरून ठेवता येईल, अशी तिरुचीचे लोक आमची चेष्टा करतात.

अय्यांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "हे मध्ये मोकळं काय सोडलंय मंगै? रॉड संपले का?"

"तिथं जोर नाही अय्या. लागत नाही."

"लागत नाही. चौतीस वर्षांत मी जोडात भोक सोडलं नाही. आणि सहा मिलिमीटर? एवढ्या तुळईला? हे वेल्डिंग आहे की ब्लाउजला हुक लावतेस?"

मुदलाळी हसले. टेबलापाशी उभे असलेले दोघे हसले.

"जास्त जाड घातला तर उष्णता जास्त जाते अय्या. लोखंड वेडंवाकडं ओढलं जातं. आणि वर कोठी भरलेली असताना टोकाला आडवा जोड घातला तर तुळईचा अख्खा पाय एकाच वेळी तापून मऊ होईल. भार त्याच पायावर आहे."

"बाळ, तू पुस्तकातलं सांगतेस, मी हातातलं सांगतो. दहा मिलिमीटर, चारही बाजूंनी सलग. टोकं उघडी सोडायची म्हणजे अंगरखा घालून बटणं न लावण्यासारखं."

"ही तुळई आहे अय्या. हिच्यात वाफ कोंडायची नाहीये."

ती हे हळू म्हणाली. शेडमध्ये नंतर ते असं फिरलं की मंगै अय्यांच्या तोंडावर ओरडली.

मुदलाळींनी कागद घडी घालून खणात ठेवला. "बघू," म्हणाले. दोन दिवसांनी तिला पुदुकोट्टैला एका शाळेच्या जिन्याचं रेलिंग बसवायला पाठवलं. ते काम कुणीही केलं असतं.

ती परत आली त्या सकाळी मुदलाळी शेडच्या दारातच भेटले, आणि एरवीपेक्षा जास्त गोड. "मंगै, लालगुडीचं झालं. अय्यांनी स्वतः केलं, या वयात. बघण्यासारखा जोड आहे. तू आज जाऊन तेवढा पंच ठोकून ये."

तिला आधी कळलंच नाही. "कसला पंच?"

"तुझा. कागदावर तुझा नंबर दिलाय. अय्यांच्या सर्टिफिकेटची मुदत संपली ना. शुक्रवारी नवीन कोठी भरायचीय, त्याआधी कागद पुरे हवेत."

"कोठी रिकामी केली होती?"

"हंगाम आहे मंगै. सांबा भाताच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. बदलायच्या वेळी कोठी रिकामी करतीलच, त्याआधी रेड्डियार कशी करणार?"

"म्हणजे भरलेल्या कोठीखाली, दहा मिलिमीटर, आणि टोकाला आडवा."

"अय्यांनी केलंय म्हटलं ना."

"मग नंबर अय्यांचा ठोका."

मुदलाळींचा गोडवा तिथं संपला. "हे बघ, एवढ्या मोठ्या माणसाच्या कामाला तू तुझा नंबर देणार, यात तुझाच मान आहे. शेडचं नाव आहे. आणि ठोकायचा नसेल तर सोमवारपासून येण्याची गरज नाही. बाहेर वेल्डर काही कमी नाहीत."

माणसाचा संताप कुठून येतो ते अशा वेळी बघावं. तिनं सांगितलं तेव्हा तिचं गणित पुस्तकी होतं. तिला विचारलं नाही, मुद्दाम दूर धाडलं. काम तिच्या कागदाच्या नेमकं उलट केलं. आणि आता उद्या काही झालं तर विचारायचं कुणाला, तर सत्तेचाळीस नंबरला. तिनं भिंतीवरच्या फळीवरून तपासणीचे तीन डबे उचलून पिशवीत टाकले आणि लालगुडीची बस धरली. पंच पिशवीत होताच, पण त्यासाठी ती निघाली नव्हती.

गिरणीत शिडी लावून ती वर चढली. जोड खरोखर सुंदर होता. मोगऱ्याचा गजरा ओवावा तसा एकसारखा, कुठं थेंब नाही, कुठं खड्डा नाही. अडुसष्ट वर्षांच्या हाताचं काम. तो जोड ओबडधोबड असता तर तिला बरं वाटलं असतं. इतकं कसब आणि इतकी निगा घेऊन माणूस चुकतो, आणि कुणी त्याला थांबवत नाही, याचा तिला जास्त राग आला. तिनं तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला. आधी मोजली होती तेव्हा तुळई सुतात होती. आता पोट दीड बोट खाली आलं होतं.

मग तिनं टोकाचा आडवा जोड पुसून स्वच्छ केला, त्यावर लाल रंग फवारला, थोडा वेळ थांबून पुसून घेतला आणि वरून पांढरी भुकटी फवारली. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग भुकटीवर उमटतो. नसेल तर पांढरं पांढरंच राहतं.

खाली बायका दाभणं धरून बघत होत्या. अंजलैनं विचारलं, "हळदीकुंकू चाललंय का वर?"

"थांब आया. दहा मिनिटं."

दहा मिनिटं लागली नाहीत. पांढऱ्यावर आधी एक लाल ठिपका आला, मग शेजारी दुसरा, आणि बघता बघता जोडाच्या कडेनं चार बोटं लांबीची बारीक लाल रेघ उमटली.

"ते काय गं?"

"चीर आहे."

"आमच्या डोक्यावर?"

"बरोबर डोक्यावर."

अंजलैनं दाभण पदराला पुसलं, अर्धवट शिवलेलं पोतं ओढत उन्हात नेलं आणि तिथं बसली. बाकीच्या सातजणी तिच्यामागं गेल्या. रेड्डियार धावत आले, म्हणाले गाड्या उभ्या आहेत, बायांनो आत बसा. अंजलै म्हणाली, "तुम्हीच आत बसा. आम्ही तुमची पोती इथं शिवतो." त्यांनी तुळईकडं पाहिलं, आत काही गेले नाहीत, मुदलाळींना फोन लावला.

तासाभरात गाडी आली. मुदलाळींबरोबर सवरिमुत्तू अय्या होते. ते कुणाचा हात न घेता शिडी चढले, त्यांनी चष्मा पुसला आणि लाल रेघेवर अंगठा फिरवला.

"माझ्या जोडाला चीर गेली," ते म्हणाले.

"जोडाला नाही अय्या. जोडाशेजारच्या जुन्या लोखंडाला. तुमचा जोड शाबूत आहे." हे तिनं त्यांची समजूत घालायला म्हटलं नाही. तसंच होतं, म्हणून म्हटलं.

खालून मुदलाळी म्हणाले, "घासून टाकू आणि वरून अजून एक थर घालू. त्यात काय एवढं." मग आवाज उतरवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "पण मंगै, तुला एवढं माहीत होतं तर तू जरा ठामपणे सांगायला हवं होतंस."

मंगै शिडीवरून खाली आली. तिचे हात लाल झाले होते. "मुदलाळी, मी तोंडानं सांगितलं. कागदावर लिहून दिलं. लिहिलेल्याखाली दोनदा रेघ मारली. कागद तुमच्या खणात आहे. आणखी ठाम म्हणजे काय करायचं असतं ते सांगा, मी शिकून घेते. ही तुळई रेड्डियारांच्या आजोबांपासून मुकाट्यानं भार उचलत होती. तिला काही झालेलं नव्हतं. आपण तिला बळ द्यायला आलो आणि मोडून ठेवली. खाली आठ बायका बसतात. शुक्रवारी दुप्पट भात वर भरला असता, आणि सोमवारी पोलीस आले असते, तर ते लोखंडावरचा नंबर वाचून माझ्या घरी आले असते. तुमच्याही नाही, अय्यांच्याही नाही. माझ्या."

मुदलाळी म्हणाले, "तू लगेच आवाज चढवतेस."

"तिचा आवाज राहू दे कदिरेसा," अय्या शिडीवरूनच म्हणाले. "ती सांगत होती. मी थट्टा केली, म्हणून तू हसलास." ते खाली आले आणि पोत्यांच्या थप्पीवर बसले. त्या दिवशी त्यांच्यासाठी खुर्ची कुणी पुसली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. "पुढं काय करायचं मंगै?"

"ही तुळई काढायची. वाकली आणि चिरली, आता हिच्यावर ठिगळ लावायचं नाही. भिंतीतली खोबण तेवढीच आहे, म्हणून नवी त्याच मापाची आणायची आणि पट्टी जमिनीवरच जोडायची, बिनभाराची. कोठी आज रिकामी करायला घ्या."

रेड्डियारांनी हंगाम, गाड्या, तांदूळ न्यायला येणारे सोसायटीचे लोक सगळं सांगून पाहिलं. बाहेर उन्हात आठ दाभणं चालत होती आणि एकही बाई आत यायला तयार नव्हती, त्यामुळं त्यांचं बोलणं लवकर आटपलं. कोठी रिकामी व्हायला दीड दिवस लागला. नवी तुळई यायला पाच.

जोडाचं काम मंगैनं अंगणात केलं. खडूनं आधी सगळ्या खुणा केल्या, टोकाचे सलग पट्टे, मधले टाके, मधल्या मोकळ्या जागा. मग एका बाजूला एक टाका, की पलीकडच्या बाजूला दुसरा, असं आलटून पालटून, म्हणजे लोखंड एका अंगाला ओढलं जाणार नाही. अय्या शेजारी स्टुलावर बसून रॉड हातात देत होते. एकदा मोकळ्या जागेकडं बोट दाखवून म्हणाले, "इथं माझा हात शिवशिवतोय." ती म्हणाली, "हात मांडीखाली ठेवा अय्या." त्यांनी खरंच ठेवला. प्रत्येक टाका तिनं मापानं तपासला, सहा म्हणजे सहा. शेवटी नंबर ठोकला. तुळई वर चढली, नवी कोठी बसली आणि भात भरायला सुरुवात झाली. चौथा हिस्सा भरला की ती थांबवायची, दोरा ताणून बघायची, मग पुढं.

"बसू का आता?" अंजलैनं दारातून विचारलं.

"आज नको. पूर्ण भरून एक दिवस जाऊ दे. उद्या मी बघते, मग बस."

"बघून सांग. तुझ्या त्या मालकाचं आम्ही ऐकणार नाही."

मालक तिथंच उभे होते. दुसऱ्या दिवशी दोरा सुतात राहिला, बायका पोती घेऊन आत आल्या, आणि मुदलाळी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी ये गं. मी रागात बोललो होतो. तेनीला मोठं काम आलंय, ते तुझ्याशिवाय कसं होणार?"

"येते. पण आधी एक लिहून द्या. ज्या कामावर माझा हात नाही, त्या कामाच्या कागदावर माझा नंबर जाणार नाही."

"लिहून कशाला? एवढ्या वर्षांची ओळख आहे. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"नाही," मंगै म्हणाली.

मुदलाळींनी आजूबाजूला पाहिलं. आठही बायकांनी शिवणं थांबवलं होतं. मग ते खिशात पेन शोधायला लागले.